यंदाचा सर्वोत्तम रूकी कोण? एनएचएलच्या कॉल्डर ट्रॉफीचा अंदाज बांधताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबरात एनएचएलचा हंगाम सुरू होतो आणि टोरांटो, एडमंटन, न्यू जर्सीकडची मराठी मंडळी ऑफिसच्या पूलमध्ये (अंदाजांच्या स्पर्धेत) नावं टाकायला बसतात. तेव्हा एक रकाना हमखास अडतो: सर्वोत्तम रूकी, म्हणजे नवोदित खेळाडू, कोण ठरणार? पुण्या-मुंबईत पहाटे उठून सामने बघणारे थोडे आहेत, पण आहेत, आणि त्यांचाही प्रश्न हाच असतो. नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो: सगळ्यात गुणी पोरगा कोण हे शोधत बसू नका, बर्फावर सगळ्यात जास्त आणि सगळ्यात चांगला वेळ कोणाला मिळणार ते शोधा.

ही आपली हॉकी नव्हे ना?

नव्हे. खडकीच्या धनराज पिल्लेची हॉकी वेगळी. ही आइस हॉकी, आणि तीही अमेरिका-कॅनडातल्या ३२ संघांच्या नॅशनल हॉकी लीगमधली.

कॉल्डर ट्रॉफी कोण देतं आणि कशी ठरते?

फ्रँक कॉल्डर हे एनएचएलचे पहिले अध्यक्ष, १९१७ पासून १९४३ मध्ये निधन होईपर्यंत. सर्वोत्तम नवोदिताची निवड १९३२-३३ च्या हंगामापासून होते आहे. १९३६-३७ पासून कॉल्डर दरवर्षी एक चषक विकत घेऊन त्या खेळाडूला कायमचा देत असत. त्यांच्यामागे लीगने त्यांच्या स्मरणार्थ फिरता चषक ठेवला.

निवड करतात हॉकीचे पत्रकार, त्यांच्या व्यावसायिक संघटनेमार्फत. प्रत्येक जण पाच नावं क्रमाने लिहितो आणि त्यांना अनुक्रमे १०, ७, ५, ३ आणि १ गुण मिळतात. मतदान साखळी सामने संपल्यावर, प्लेऑफच्या (बाद फेरीच्या) आधी होतं. हा तपशील लक्षात ठेवा. २०१९ मध्ये सेंट लुईसचा गोली (गोलरक्षक) जॉर्डन बिनिंग्टन जानेवारीत संघात स्थिरावला, त्याने ३२ सामन्यांत २४ विजय मिळवले आणि तळाला गेलेल्या संघाला वर काढलं. पुढे त्याच संघाने स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, उचलला. पण कप जिंकला तेव्हा मतं पडून गेली होती. ट्रॉफी व्हँकूव्हरच्या एलियास पेटरसनला गेली, बिनिंग्टन दुसरा आला.

रूकी नेमकं कोणाला म्हणायचं?

निम्मे अंदाज इथेच फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधीच्या कुठल्याही एका हंगामात २५ पेक्षा जास्त सामने खेळलेले नकोत. आधीच्या कुठल्याही दोन हंगामांत प्रत्येकी सहा किंवा त्याहून जास्त सामने नकोत. आणि त्या हंगामाच्या १५ सप्टेंबरला वयाची २६ वर्षं पूर्ण झालेली नकोत.

वयाची अट आली ती सर्गेई माकारोवमुळे. सोव्हिएत संघातून अनेक वर्षं जगज्जेतेपदं जिंकलेला हा विंगर कॅलगरीकडून पहिला हंगाम खेळला आणि १९९० मध्ये, ३१ व्या वर्षी, 'सर्वोत्तम नवोदित' ठरला. त्यानंतर लीगने २६ ची रेघ मारली. याच्या उलट बाजूला वेन ग्रेट्स्की. १९७९-८० मध्ये त्याने १३७ पॉइंट (गोल आणि असिस्ट, म्हणजे गोलला कारणीभूत पास, मिळून) केले, पण आदल्या वर्षी तो डब्ल्यूएचए या प्रतिस्पर्धी व्यावसायिक लीगमध्ये खेळला होता, म्हणून त्याला रूकी धरलंच नाही. त्या वर्षी बोस्टनचा बचावपटू रे बोर्क जिंकला. आता रशियाची केएचएल किंवा स्वीडनची लीग खेळून येणाऱ्यांना मात्र ही आडकाठी येत नाही.

टोरांटोचा मायकेल बंटिंग १७ सप्टेंबर १९९५ चा. जन्म दोन दिवस आधीचा असता तर २०२१-२२ मध्ये तो या यादीत नसताच. तो होता, आणि ६३ पॉइंटसह सगळ्या नवोदितांत पहिला होता.

आदल्या हंगामाच्या शेवटी एक-दोन सामने खेळलेले खेळाडूही रूकीच राहतात. लेन हटसन एप्रिल २०२४ मध्ये मॉन्ट्रियलकडून दोन सामने खेळला आणि पुढच्या पूर्ण हंगामात रूकी म्हणून ट्रॉफी घेऊन गेला. त्याच संघाचा इव्हान डेमिडोव एप्रिल २०२५ मध्ये असाच दोन सामने खेळून २०२५-२६ साठी पात्र राहिला. प्लेऑफचे सामने तर मोजलेच जात नाहीत: केल मकार २०१९ मध्ये कोलोरॅडोकडून थेट प्लेऑफमध्ये उतरला, पहिल्याच सामन्यात गोल केला आणि पुढच्या मोसमात रूकी म्हणून जिंकला. म्हणून यादी करताना ड्राफ्टच्या (संघ तरुण खेळाडू क्रमाने निवडतात त्या प्रक्रियेच्या) बातम्यांआधी मागच्या एप्रिलचे संघ चाळा.

ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेलेला पोरगाच जिंकतो ना?

कधी कधी. २०१६ ते २०२५ या दहा वर्षांचे विजेते बघा: पानारिन, मॅथ्यूज, बार्झल, पेटरसन, मकार, काप्रिझोव, सायडर, बेनियर्स, बेडार्ड, हटसन. यात ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडले गेलेले दोघंच, ऑस्टन मॅथ्यूज आणि कॉनर बेडार्ड. बार्झल सोळावा होता, हटसन ६२ वा, किरिल काप्रिझोव तर पाचव्या फेरीत १३५ वा. आर्टेमी पानारिनला ड्राफ्टमध्ये कोणी घेतलंच नव्हतं.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. या दहांपैकी ड्राफ्टनंतर लगेच त्याच ऑक्टोबरात उतरून जिंकले तेही हे दोघंच. बाकीचे कुठे ना कुठे एक, दोन, पाच वर्षं मुरले. मॉरिट्झ सायडर डेट्रॉइटने २०१९ मध्ये घेतला. तो आधी अमेरिकेतल्या दुय्यम लीगमध्ये आणि मग स्वीडनमध्ये खेळला, आणि २०२१ मध्ये डेट्रॉइटच्या बर्फावर आला तो थेट मोठ्या माणसांसारखा खेळत. अठराव्या वर्षी अंगात ताकद भरायची असते, समोर तिशीतले दोनशे पौंडांचे बचावपटू असतात. जॅक ह्यूज २०१९ चा पहिला खेळाडू. पहिल्या मोसमात ६१ सामन्यांत २१ पॉइंट. पुढे २०२२-२३ मध्ये त्यानेच ९९ केले. गुण होताच, वेळ यायची होती.

म्हणून माझी पद्धत अशी: यंदाचा ड्राफ्ट नंतर, आधी मागच्या दोन-तीन ड्राफ्टमधली अजून न उतरलेली नावं.

मग सगळ्यात आधी काय बघायचं?

मिनिटं. सामना साठ मिनिटांचा, आणि प्रशिक्षक ती कशी वाटतो यावर नवोदिताचं वर्ष ठरतं. फॉरवर्डला रोज १७-१८ मिनिटं मिळत असतील तर तो शर्यतीत आहे. ११-१२ मिनिटांवर चौथ्या लाइनमध्ये (एकत्र उतरणाऱ्या फॉरवर्डच्या तुकडीत) बसलेला कितीही चपळ असो, त्याचे आकडे उभे राहत नाहीत.

त्या मिनिटांतही पॉवर प्लेची वेगळी काढा. समोरचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसलेला असतो आणि पाच विरुद्ध चार खेळायला मिळतं. प्रत्येक संघाची अशी दोन पथकं असतात, आणि पहिलं पथक बहुतेक वेळ खाऊन टाकतं. त्या पहिल्या पथकात जागा असणं हे नवोदितासाठी सगळ्यात मोठं भांडवल. हटसनचं २०२४-२५ बघा. ५ फूट ९ इंचांचा बचावपटू, उंचीमुळेच ड्राफ्टमध्ये मागे राहिलेला. मॉन्ट्रियलने त्याच्या हाती पॉवर प्लेची सूत्रं दिली, रोज २२ मिनिटांहून जास्त खेळवलं, आणि त्याने ६ गोल व ६० असिस्ट असे ६६ पॉइंट केले. नवोदित बचावपटूच्या ६० असिस्टचा लॅरी मर्फीचा १९८०-८१ चा विक्रम त्याने गाठला. तेवढाच गुणी पोरगा दोन अनुभवी बचावपटूंच्या मागे दुसऱ्या पथकात अडकला असता तर हे दिसलं नसतं.

तेव्हा सप्टेंबरात प्रत्येक उमेदवाराबद्दल विचारायचा प्रश्न हा: त्याच्या जागेवर गेल्या वर्षी कोण खेळत होतं, आणि तो माणूस अजून संघात आहे का? ज्या संघाने उन्हाळ्यात आपला पहिल्या पथकाचा खेळाडू दुसरीकडे पाठवला, तिथे दार उघडं आहे.

ज्युनियर किंवा युरोपातले आकडे किती मनावर घ्यायचे?

रणजीतलं द्विशतक आणि पर्थच्या कसोटीतलं द्विशतक आपण एका मापाने मोजत नाही, तसंच इथेही. प्रत्येक लीगचे पॉइंट एनएचएलमध्ये किती उरतात याचं एक गुणोत्तर अभ्यासक काढतात. केएचएल सगळ्यात वर, त्याखाली स्वीडन, मग अमेरिकेतली दुय्यम व्यावसायिक लीग आणि विद्यापीठं, कॅनडाच्या ज्युनियर लीग त्याखाली.

काही खरे आकडे देतो. बेडार्डने २०२२-२३ मध्ये रेजायनाच्या ज्युनियर संघाकडून ५७ सामन्यांत १४३ पॉइंट केले, सामन्याला अडीच. शिकागोत पुढच्या वर्षी ६८ सामन्यांत ६१, सामन्याला ०.९०. म्हणजे ३६ टक्के उरले. पेटरसन स्वीडनमध्ये ४४ सामन्यांत ५६ वरून व्हँकूव्हरमध्ये ७१ सामन्यांत ६६ वर आला, म्हणजे ७३ टक्के. पानारिन केएचएलमध्ये ५४ सामन्यांत ६२ आणि मग शिकागोत ८० सामन्यांत ७७: ८४ टक्के. काप्रिझोवचं गणितही जवळजवळ हेच निघतं.

यातून नियम काढायचा तर एवढाच की ज्युनियरचे डोळे दिपवणारे आकडे बघून हुरळू नये आणि रशियातल्या पंचविशीच्या माणसाचे साधे दिसणारे आकडे सोडू नयेत. वय बघायला मात्र विसरू नका. अठराव्या वर्षी विद्यापीठात वर्चस्व गाजवणारा आणि बावीसाव्या वर्षी तेच करणारा, हे दोन वेगळे खेळाडू आहेत.

२४-२५ वर्षांच्या, मोठ्या लीग खेळून आलेल्यांना ट्रॉफी देणं बरोबर आहे का?

नियमांत बसतं, म्हणून बरोबर. पण पत्रकारांच्या मनात खळखळ असते आणि ती मतांत दिसते. बंटिंग पॉइंटमध्ये पहिला असूनही तिसरा आला. त्याचं वय २६ होतं आणि तो मॅथ्यूज व मिच मार्नर यांच्या लाइनवर खेळत होता, आणि मॅथ्यूजने त्या वर्षी ६० गोल मारले होते. २०१६ मध्ये पानारिनही पॅट्रिक केनच्या सोबत खेळला, केनने त्या वर्षी १०६ पॉइंट करून लीगचा सर्वोत्तम खेळाडूचा मान घेतला. तरी पानारिन जिंकला, कारण दुसऱ्या कोणाचं वर्ष त्याच्याइतकं भरगच्च नव्हतं. मला विचाराल तर वयस्क नवोदिताला स्पष्ट आघाडी लागते, बरोबरीत तो हरतो.

मोठ्या खेळाडूची सोबत ही अंदाजासाठी मात्र उत्तमच. मत देणारे त्यातून थोडं वजा करतात, पॉइंट मोजणारा पूल काहीच वजा करत नाही.

दुखापतीचं काय?

अंदाज सांगणारा कोणीही हे आधी सांगू शकत नाही, पण किती सामने चुकले तर शर्यत संपते हे सांगता येतं. कॉनर मॅकडेव्हिडचं नोव्हेंबर २०१५ मध्ये कॉलरबोन मोडलं. ३७ सामने गेले. उरलेल्या ४५ मध्ये त्याने ४८ पॉइंट केले, सामन्यागणिक पानारिनपेक्षा जास्त, आणि तरी तिसरा आला. बेडार्डचा जबडा जानेवारी २०२४ मध्ये फुटला, त्याचे १४ सामने गेले आणि तो जिंकला. सॅन होजेच्या मॅक्लिन सेलेब्रिनीचे २०२४-२५ च्या सुरुवातीलाच १२ सामने गेले. ७० सामन्यांत ६३ पॉइंट करून तो तिसरा. ८२ सामन्यांच्या हंगामात साधारण पंधरा सामने गेलेले पत्रकार माफ करतात, तीस-चाळीस नाही.

बचावपटूवर नाव लावावं का?

आता तर नक्कीच. बॉबी ऑर १९६७ मध्ये, डेनिस पोटव्हिन १९७४ मध्ये जिंकले, ही परंपरा जुनीच. पण २०२० मध्ये मकार, २०२२ मध्ये सायडर, २०२५ मध्ये हटसन, म्हणजे सहा वर्षांत तीन. २०२४ मध्ये मिनेसोटाच्या ब्रॉक फेबरने रोज जवळजवळ २५ मिनिटं खेळून दुसरा क्रमांक घेतला. सायडरचे ५० पॉइंट बंटिंगच्या ६३ पेक्षा बरेच कमी होते, पण तो सगळे ८२ सामने खेळला आणि प्रतिस्पर्ध्यांच्या सर्वात अवघड लाइनपुढे उभा राहिला. पत्रकारांनी ते पाहिलं. मला ही निवड त्या वर्षातली सर्वात न्याय्य निवड वाटते.

आणि गोली?

अवघड. २०२५ पर्यंत शेवटचा विजेता गोली २००९ चा, कोलंबसचा स्टीव्ह मेसन, ज्याने त्या वर्षी दहा सामन्यांत एकही गोल होऊ दिला नव्हता. त्याआधी केन ड्रायडन, एड बेल्फोर, मार्टिन ब्रोडूर असे दिग्गज जिंकले आहेत. पण आजकाल संघ तरुण गोलीला दुय्यम लीगमध्ये दीर्घकाळ ठेवतात आणि वर आणल्यावरही सामने वाटून देतात. कॅलगरीचा डस्टिन वुल्फ, सातव्या फेरीतला २१४ वा खेळाडू, २९ विजय मिळवून २०२५ मध्ये दुसरा आला. गोलीचं नाव टाकायचं तर तो संघाचा पहिल्या क्रमांकाचा गोली आहे आणि ५० च्या आसपास सामने खेळणार आहे, एवढी खात्री करूनच टाका.

संघ तळाला असेल तर नुकसान होतं का?

जवळजवळ नाही. बेडार्डचा शिकागो शेवटून दुसरा होता. दुबळ्या संघात तर पहिल्या लाइनची जागा लवकर मिळते.

ऑक्टोबरातली सुरुवात बघून मत बदलावं का?

१२ ऑक्टोबर २०१६, ओटावा. मॅथ्यूजचा पहिला सामना. दुसऱ्या पिरियडच्या (सामन्याच्या तीनपैकी दुसऱ्या भागाच्या) शेवटापर्यंत त्याचे चार गोल झाले होते. पदार्पणात चार, आधुनिक काळात कोणी केले नव्हते. टोरांटो तो सामना जादा वेळेत ५-४ असा हरला, हे आता अनेकांच्या लक्षातही नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच मॅथ्यूजला सलग १३ सामने गोल झाला नाही. वर्षअखेर ४० गोल, ६९ पॉइंट आणि ट्रॉफी.

गोल बघू नका, शॉट मोजा. दहा शॉटमागे एखादा गोल हे फॉरवर्डचं साधारण प्रमाण. वीस शॉटांत सात गोल असतील तर ते टिकत नाही. सामन्याला तीन-चार शॉट मारूनही गोल नसेल तर येतील. गोल आटलेल्या त्या दिवसांतही मॅथ्यूज शॉट मारतच होता.

एक तारीख मात्र खरंच महत्त्वाची असते: दहावा सामना. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला नऊ सामन्यांपर्यंत आजमावून परत ज्युनियरला पाठवलं तर त्याच्या पहिल्या कराराचं वर्ष खर्ची पडत नाही. दहावा सामना खेळला की पडतं. बार्झल २०१६ मध्ये न्यूयॉर्क आयलंडर्सकडून दोनच सामने खेळून सिअॅटलच्या ज्युनियर संघात परत गेला आणि पुढच्या वर्षी ८५ पॉइंट करून जिंकला. नवव्या सामन्यानंतर संघ काय करतो ते बघा, व्यवस्थापनाचा खरा विचार तिथे कळतो.

सट्टेबाजांचे भाव बघून अंदाज बांधावा का?

भाव म्हणजे लोक कोणावर पैसे लावताहेत याचं चित्र. त्यात ड्राफ्टमधलं गाजलेलं नाव नेहमी महाग असतं. माहिती म्हणून बघा. भारतात असाल तर पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आहे.

ट्रॉफी मिळाली म्हणजे कारकीर्द झाली का?

नाही, आणि नाही मिळाली म्हणून काही बिघडतही नाही. सिडनी क्रॉसबीने २००५-०६ मध्ये १०२ पॉइंट केले आणि तो दुसरा आला, कारण अलेक्झांडर ओवेचकिनने ५२ गोलांसह १०६ केले होते. उलट बोस्टनचा गोली अँड्र्यू रेक्रॉफ्ट २००४ चा विजेता, पण दोन वर्षांत बोस्टनने त्याला टोरांटोला देऊन टुका रास्क हा दुसरा गोली घेतला. मॅटी बेनियर्स सिअॅटल क्रॅकेनकडून ५७ पॉइंट करून जिंकला आणि दुसऱ्या हंगामात ३७ वर आला. ही ट्रॉफी एका वर्षाची आहे. अंदाजही एका वर्षाचाच बांधा.

भारतातून बघतो, रोज शक्य नाही. सामना बघताना नेमकं काय टिपू?

टोरांटोतले संध्याकाळी सातचे सामने आपल्याकडे पहाटे साडेचारला, नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेपाचला. पूर्ण बघणं होत नसेल तर शेवटचा पिरियड बघा.

पॉवर प्ले सुरू झाला की पहिल्या पाचांत तो आहे का ते बघा, आणि असला तर पक (खेळायची चकती) त्याच्याकडून फिरतो की तो नुसता कोपऱ्यात उभा असतो तेही. हटसनला बघताना हे फार स्पष्ट दिसतं: निळ्या रेषेवर तो खांदे डावीकडे टाकतो, समोरचा विंगर एक पाऊल तिकडे सरकतो, आणि तेवढ्या फटीतून पास मध्यभागी गेलेला असतो. दुसरं, त्याच्या चुकीवर गोल झाला तर प्रशिक्षक त्याला पुढच्याच पाळीत परत पाठवतो की बाकावर बसवतो. आणि तिसरं, संघ एका गोलने मागे असताना गोली बाहेर काढून त्याच्या जागी जादा खेळाडू उतरवला की त्या सहा जणांत तो आहे का. ही तीनही उत्तरं दोन-तीन सामन्यांत 'हो' आली, तर डिसेंबरच्या आत त्याचं नाव पूलमध्ये टाकून मोकळे व्हा.